रात्रीच्या झोपेची तयारी सकाळी सहाला: घरासाठी, शिफ्टसाठी आणि मळ्यासाठी

झोप लागत नाही म्हटलं की घरात आधी गादी बदलते, मग उशी, मग रात्रीच्या दुधात जायफळ येतं. सकाळचं मात्र तसंच राहतं. रात्री झोप झाली नाही म्हणून आठपर्यंत लोळायचं, दुपारी दीड तास ताणून द्यायची, संध्याकाळी डोकं जड म्हणून तिसरा चहा घ्यायचा आणि साडेदहाला पुन्हा छताकडे बघत पडायचं. यातली शेवटची गोष्ट सोडून बाकी सगळ्या आपल्या हातात असतात. दुरुस्ती तिथूनच सुरू करायची.

झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे झोपेचा दाब. माणूस जागा असेपर्यंत मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितके तास जागे, तितका साठा मोठा आणि तितकी झोप गाढ. दुपारी दीड तास झोपलं की हा साठा बराच रिकामा होतो. संध्याकाळी सातला दोन वडापाव खाल्ले तर नऊला ताटावर भूक कुठून येणार, तसंच हे. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातलं घड्याळ. ते डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर लागतं. सकाळचा उजेड त्याला पुढची रात्र कधी सुरू करायची ते सांगतो, आणि रात्रीचा पांढरा दिवा किंवा मोबाइल मेलाटोनिन हे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक दाबून तीच रात्र पुढे ढकलतो. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

कमी झोपेनं नेमकं काय बिघडतं

मोठ्या माणसाला रोज किमान ७ तास झोप लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२, आणि तेरा ते अठराच्या पोरांना ८ ते १०. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत येते. गाढ झोप मुख्यतः पहिल्या तीन तासांत असते आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते. त्यामुळे कोणते तास गेले यावर नुकसान ठरतं.

रात्री झोपेत रक्तदाब दिवसापेक्षा १० ते २० टक्के खाली उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. झोप तुटत राहिली की हा उतार नीट येत नाही. बीपीची गोळी वेळेवर घेऊनही आकडा खाली येत नसेल, तर झोपेची चौकशी करायला हवी. साखरेचंही तसंच. तरुण, धडधाकट माणसांना काही रात्री फक्त चार तास झोपू दिलं, तरी त्यांचं शरीर साखर हाताळण्यात मागे पडलेलं प्रयोगांत दिसलं आहे. जोडीला भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी भाकरीपेक्षा भज्यांकडे हात जातो, त्यात चुकार मनाचा वाटा कमी आणि या संप्रेरकांचा जास्त.

सगळ्यात तातडीचा धोका रस्त्यावर असतो. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा संथ होतो. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायद्यातली मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे पहाटे पाचला उठून दिवसभर काम करून रात्री दहाला मुंबईला निघालेला माणूस एक थेंबही न पिता त्या रेषेच्या पलीकडे असतो. कसारा घाटात वळणं तरी जागं ठेवतात. समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर तीही मदत नाही. पहाटे दोन ते पाच हा डुलकीचा सर्वांत वाईट काळ. डोळे जड झाले की काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं याचा उपयोग काही मिनिटांपुरताच. सुरक्षित जागी गाडी लावून कॉफी प्यावी आणि लगेच १५ ते २० मिनिटं झोपावं. कॉफीचा परिणाम चढायला तेवढाच वेळ लागतो.

आधी उठायची वेळ बांधा

झोपायची वेळ ठरवून झोप येत नाही, पण उठायची वेळ गजर लावून पाळता येते. म्हणून तीच बांधायची. सहा म्हटलं तर सहा. रात्र कशीही गेलेली असो, रविवार असो, घरी पाहुणे असोत. सवलत फार तर अर्ध्या तासाची. उठल्यावर तासाभराच्या आत २० ते ३० मिनिटं उघड्यावर काढावीत. गच्चीवर, गोदाकाठी, कॉलनीतल्या रस्त्यावर, कुठेही. ढगाळ सकाळही घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट उजळ असते, त्यामुळे आषाढ-श्रावणातही हे चुकवायचं कारण नाही. अडचण येते ती हिवाळ्यात. जूनमध्ये नाशिकला सहाच्या आसपास उजाडतं, जानेवारीत सूर्य सातनंतर वर येतो. अंधारात पाचला फिरून घरात परतणाऱ्यांना व्यायाम मिळतो, उजेड मिळत नाही. त्यांनी सव्वासातनंतर चहाचा कप घेऊन गॅलरीत बसावं.

वामकुक्षी सोडायची गरज नाही, तिला आवरायची गरज आहे. दुपारी तीनच्या आत, २० मिनिटांचा गजर लावून. पाऊण तासावर गेलं की गाढ झोपेतून उठावं लागतं. मग तोंड कडू, डोकं बधिर आणि रात्रीची झोप पातळ. ज्यांची रात्रीची झोप आधीच बिघडलेली आहे त्यांनी मात्र पुढे दिलेले आठवडे संपेपर्यंत तीही बंद ठेवावी.

चहा, मिश्री, दारू आणि जायफळ

घरच्या एका कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं, कॉफीत त्याहून जास्त. कॅफिन अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते. त्यातलं निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना जास्तच. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला अर्धा शिल्लक असतो. "मला चहानं काही होत नाही, पिऊन लगेच झोपतो" असं म्हणणाऱ्यांना झोप लागते हे खरं. ती उथळ लागते, आणि ते त्यांना कळत नाही. शेवटचा चहा दुपारी तीनचा. संध्याकाळी कपाची सवयच असेल तर गवती चहा आणि आलं उकळा, पावडर टाकू नका.

मिश्रीबद्दल डॉक्टरांकडे कुणी बोलत नाही, विशेषतः बायका. झोपताना दातांना मिश्री लावली की "शांत वाटतं", पण तंबाखूतलं निकोटिन जागं ठेवणारं द्रव्य आहे. शांत वाटतं ते तलफ भागल्यामुळे. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डबी शोधली जात असेल तर झोपमोडीचं कारण उशाशीच आहे.

दारूनं झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. घोरणंही वाढतं. द्राक्षपट्ट्यात एक वेगळा धोका आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, म्हणजे हे औषध काड्यांना लावतात. हे औषध अंगावर गेलं असताना दारू पोटात गेली की शरीर दारू नीट पचवू शकत नाही: चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं. दिवसभर पेस्टिंग करून थकलेला गडी झोपेसाठी म्हणून एक क्वार्टर घेतो आणि दवाखान्यात पोचतो. त्या दिवसांत दारूला हातही लावू नये.

जायफळ चिमूटभर ठीक. झोप येईना म्हणून चमचा-चमचा उगाळून घेणं मात्र धोक्याचं. जास्त जायफळानं मळमळ, धडधड आणि भास होतात. तान्ह्या बाळाला तर झोपवण्यासाठी ते देऊच नये.

जेवण झोपेच्या किमान अडीच तास आधी. आंबट ढेकर येत असतील, छातीत जळजळत असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ सेंटिमीटर उंच करावी आणि डाव्या कुशीवर झोपावं. दोन उशा घेतल्यानं फक्त मान वाकते, पोट तसंच राहतं.

खोली

झोप येताना शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. नाशिकला एप्रिल-मे महिन्यांत अडचण बाहेरच्या हवेची कमी आणि स्लॅबची जास्त. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. बाहेर मात्र नऊ-दहानंतर हवा चांगली उतरलेली असते. म्हणून दुपारी खिडक्या-पडदे बंद, रात्री नऊनंतर समोरासमोरच्या खिडक्या जाळी लावून उघड्या, आणि पंखा. गच्चीला चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात दिला तर फरक लगेच जाणवतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं तर सूर्य उतरल्यावर मारावं, भर उन्हात ते फुकट जातं. कूलर या कोरड्या हवेत उत्तम चालतो. जुलैपासून हवेतच ओल असते. तेव्हा तोच कूलर खोली दमट करतो, म्हणून काढून ठेवावा.

हिवाळ्यात उलटं. नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे आणखी खाली. थंडगार पायांनी झोप लागत नाही, कारण शरीराची उष्णता हातापायांच्या त्वचेतूनच बाहेर पडते आणि गारठलेल्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. झोपण्याआधी तास-दीड तास, सोसवेल इतक्या गरम पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवावेत, पुसून मोजे घालावेत. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी पाणी आधी कोपरानं तपासावं. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. तिच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही.

उशीचं माप सोपं आहे. कुशीवर झोपणाऱ्याच्या कानापासून गादीपर्यंतचं अंतर म्हणजे त्याच्या खांद्याची रुंदी. दाबली गेल्यावर उशी तेवढी उरली पाहिजे. पाठीवर झोपणाऱ्याला पातळ पुरते. कापसाची गादी गठ्ठे धरू लागली की पिंजून घ्यावी. महागड्या गादीनं निद्रानाश जात नाही, दुकानदार काहीही म्हणो.

अंथरुणात जागं पडणाऱ्यांसाठी: वहीची पद्धत

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही किंवा मोडते, आणि हे तीन महिने चाललं आहे, तर त्याला जुना निद्रानाश म्हणतात. त्यावर गोळीच्या आधी जी पद्धत वापरायला सांगतात ती वर्तनाची आहे. तिचा गाभा दोन नियमांत आहे: अंथरूण फक्त झोपेसाठी, आणि अंथरुणातले तास झोपेच्या तासांइतकेच.

पहिले दोन आठवडे फक्त नोंद करायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितात तशी, रोज सकाळी एक ओळ. रात्री घड्याळ बघायचं नाही. ते भिंतीकडे तोंड करून ठेवा, सकाळी अंदाजानं लिहा. ओळ अशी दिसेल: "मंगळवार. आडवी १०.००. झोप लागली अंदाजे ११.१५. मध्ये दोनदा जाग, मिळून दीड तास. शेवटची जाग ५.४५. उठले ६.३०. चहा ३, शेवटचा ६.००. दुपारी झोप ४० मि."

आता गणित. ही बाई अंथरुणात दहा ते साडेसहा, म्हणजे साडेआठ तास, ५१० मिनिटं आहे. दोन आठवड्यांची सरासरी झोप ५ तास ४० मिनिटं, म्हणजे ३४० मिनिटं निघाली असं धरू. ३४० भागिले ५१०, साधारण ६७ टक्के. चांगल्या झोपेत हा आकडा ८५ च्या वर असतो. बाकीचे १७० मिनिटं ती अंथरुणात चिंता करते, आणि गादीला चिंतेचीच सवय लागलेली असते.

म्हणून उठायची वेळ सहा बांधायची आणि अंथरूण पावणेसहा तासांचं करायचं: रात्री सव्वाबाराला आडवं व्हायचं, त्याआधी नाही. झोप कितीही कमी निघाली तरी अंथरूण साडेपाच तासांच्या खाली आणायचं नाही. दहा ते सव्वाबारा हे सगळ्यात कठीण. टीव्हीसमोर सोफ्यावर डुलकी लागते आणि सगळा साठा तिथेच खर्च होतो, म्हणून त्या वेळात पिवळ्या दिव्याखाली बसून हातानं करायचं काम घ्यावं: शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या, वाती वळणं.

आडवं झाल्यावर साधारण २० मिनिटांत झोप लागली नाही, की उठून दुसऱ्या खोलीत जायचं. घड्याळ न बघता, अंदाजानंच. मोबाइल नाही, स्वयंपाकघरातला डबा नाही. डोळे मिटू लागले की परत यायचं. एका रात्रीत हे चार वेळा झालं तरी चालेल. एकाच खोलीचं घर असेल तर खाली चटई टाकून बसायचं. गादीवरून उठणं महत्त्वाचं.

दर आठवड्याला तेच गणित पुन्हा. ८५ टक्के किंवा जास्त आलं तर झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणायची. ८० ते ८५ मध्ये असेल तर तसंच ठेवायचं. ८० च्या खाली असेल तर १५ मिनिटं आणखी कमी करायची, साडेपाच तासांची मर्यादा पाळून. वरच्या उदाहरणात आठवड्यानंतर ३४५ पैकी ३१० मिनिटं झोप झाली तर ९० टक्के होतात, म्हणजे पुढचा आठवडा बाराला. झोप पुरेशी होईपर्यंत असंच पुढे जायचं. साधारण सहा ते आठ आठवडे लागतात.

पहिल्या दहा दिवसांत दिवसा पेंग येते, चिडचिड होते. लोक इथेच सोडतात, बहुधा पहिल्या रविवारी नऊपर्यंत झोपून. त्या दिवसांत लांबचं ड्रायव्हिंग आणि धोक्याची यंत्रं टाळावीत. फिट येणारे, बायपोलर आजाराचे, झोपेत श्वास अडकणारे, गरोदर स्त्रिया आणि व्यवसायानं ड्रायव्हर असलेल्यांनी झोपेचे तास कमी करण्याचा हा भाग डॉक्टरांशिवाय करू नये.

नाशिकच्या सातपूर-अंबड कारखान्यांची थर्ड शिफ्ट

पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर शरीराचं घड्याळ कधीच पूर्ण वळत नाही. ते वळवायच्या नादी न लागता चोवीस तासांत दोन हप्त्यांत मिळून सात तास भरायचे. पाळ्यांचा क्रम ठरवण्यात कामगारांचं काही चालत असेल तर फर्स्ट, सेकंड, थर्ड असा पुढे जाणारा मागावा. उलटा क्रम शरीराला जड जातो.

रात्री अकरा ते सात शिफ्ट धरू. संध्याकाळी साडेसात ते नऊ एक झोप. शिफ्टमधला शेवटचा चहा पहाटे अडीच-तीनच्या आत. साडेसहाचा चहा घरच्या झोपेत घुसतो. सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर मिसळ आणि दोन चहा हा जुना रिवाज आहे. झोपायला जाताना पोटात तर्री नको. पोहे किंवा दूध-पोळी पुरे. घरी येताना काळा गॉगल लावावा, म्हणजे सकाळचा उजेड "दिवस सुरू झाला" असं सांगणार नाही. मात्र डोळे आधीच मिटत असतील तर गॉगलही नको आणि दुचाकीही नको, कंपनीच्या बसनं यावं.

साडेआठला आडवं व्हायचं. खिडकीच्या काचांना काळा कार्डपेपर चिकटपट्टीनं लावावा. पडद्याच्या कडेनं येणारा उजेडाचा पट्टाही त्रास देतो. बेलचा स्विच बंद, मोबाइल एरोप्लेन मोडवर, कानात फोमचे बोळे. दूध, भाजी, गॅसवाला, सोसायटीची वर्गणी हे सगळं दुपारी दोननंतर, हे घरच्यांनी ठरवून घ्यावं. रात्रपाळीवाल्याची झोप मोडते ती मुख्यतः "दोनच मिनिटं उठ ना" मुळे. शेवटच्या रात्रीनंतर सकाळी फक्त दीड-दोन तास झोपावं, मग उजेडात राहावं आणि रात्री दहाला झोपावं. दिवसभर झोपून काढला तर पुढचे तीन दिवस घसरतात.

लाइट रात्रीची असते तेव्हा

निफाड, दिंडोरी, चांदवडकडे ज्या आठवड्यात शेतीची लाइट रात्री येते, त्या आठवड्यात पहिले तीन-साडेतीन तास सलग मिळतील असं बघावं, कारण गाढ झोप तिथेच आहे. लाइट बाराला येणार असेल तर आठलाच झोपावं. अकरापर्यंत टीव्ही बघून "तासभर पडतो" म्हणणं सगळ्यात तोट्याचं. ठिबकचे व्हॉल्व्ह असे लावावेत की जास्त वेळ चालणारा प्लॉट आधी येईल आणि उठणं एकदाने कमी होईल. फोनवरून पंप चालू-बंद करणारा मोबाइल स्टार्टर असेल तर फेऱ्या वाचतातच, बिबट्याच्या वाटेवर अंधारात जाणंही वाचतं.

गाढ झोपेतून उठल्यावर १५ ते ३० मिनिटं हात आणि डोकं जुळलेलं नसतं. जाग आल्याबरोबर ओल्या पायांनी स्टार्टरच्या पेटीला हात घालू नये. बसावं, तोंडावर पाणी मारावं, हात-पाय पुसावेत, चपला घालून मग निघावं.

मुलांबद्दल थोडंच. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते झोपेसाठीच. घरात दहा-अकरापर्यंत मोबाइल चालू असेल तर हा मिळालेला तास रात्रीच उडतो.

घरगुती उपाय कुठे थांबवायचे

जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबून हिसक्यानं सुरू होणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा बसल्या जागी डुलकी, बीपी आणि ४० सेंटिमीटरपेक्षा जाड मान: यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर झोपेत श्वासनलिका बंद पडत असण्याची शक्यता मोठी. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन झोपेची तपासणी करावी. तिच्यात श्वास तासाला किती वेळा अडला ते मोजतात. पाचपर्यंत ठीक, तीसच्या वर गंभीर. उपचार सहसा सीपॅप यंत्राचा, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासनलिका उघडी ठेवणाऱ्या यंत्राचा असतो, आणि मास्क मापाचा नसेल तर लोक आठवड्यात ते माळ्यावर टाकतात. म्हणून मास्क बसवून, त्यात अर्धा तास पडून मगच घ्यावा.

रात्री पाय वळवळतात, हलवले की बरं वाटतं, असं असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासायला सांगावं. हिमोग्लोबिन बरं असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या झोप आणणाऱ्या गोळ्या शेजाऱ्याच्या पट्टीतून घेऊ नयेत, आणि महिनोन्महिने चालू असतील तर एकदम बंदही करू नयेत. झोप पूर्ण उडते, फिटही येऊ शकते. डॉक्टर त्या आठवड्याआठवड्यानं कमी करतात. म्हातारी माणसं या गोळ्यांवर रात्री लघवीला उठताना पडतात, म्हणून बाथरूमच्या वाटेवर जमिनीलगत लहान पिवळा दिवा लावावा.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि घरच्या कुणीतरी मोबाइलवर काढलेला घोरण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ बरोबर न्यावा. व्हिडिओत चेहऱ्यासोबत छाती आणि पोटही दिसायला हवं. श्वास खरंच थांबतो का, ते तिथे कळतं.